बारशाचे फोटो, जुने अल्बम आणि फुकटची लिंक: नातेवाइकांना फोटो नक्की कसे पाठवायचे

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. बाळाच्या बारशाचे सहाशेच्या आसपास फोटो आहेत, काही फोटोग्राफरने काढलेले, काही घरच्यांच्या मोबाइलवरचे, शिवाय सासूबाईंकडे जुने अल्बम आहेत ते स्कॅन करून घ्यायचेत. नातेवाईक कोणी ठाण्यात, कोणी साताऱ्यात, नणंद न्यू जर्सीला. एखाद्या फुकट इमेज होस्टिंग साइटवर सगळं चढवून लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली तर चालेल का, ती लिंक कायम राहील का, आणि बाहेरचं कोणी बघू शकेल का, असं त्या विचारतायत.

मी नौपाड्यात फोटो लॅब चालवतो. लोकांचे फोटो छापणं, जुने स्कॅन करणं, लग्नामुंजीचे फोटो गिऱ्हाइकाच्या घरच्यांपर्यंत पोचवणं हेच रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा समोर येतो आणि दोन ओळीत उत्तर दिलं की लोक अर्धवट ऐकून घरी जाऊन भलतंच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. बाळाचे फोटो अकाउंट न काढता अपलोड करता येतात अशा साइटवर टाकू नका. लिंक कायम राहील याची खात्री कुठल्याच फुकट साइटवर नसते. आणि बाहेरचं कोणी बघू शकेल का, तर ज्याच्या हातात लिंक गेली तो बघू शकेल, मग तो तुमचा मावसभाऊ असो नाहीतर मावसभावाने फॉरवर्ड केलेल्या सोसायटीच्या ग्रुपमधला कोणी अनोळखी माणूस. आता यातलं एकेक बघू.

मूळ गोंधळ असा होतो की फोटो सांभाळून ठेवणं आणि फोटो दाखवणं ही दोन कामं लोक एकच समजतात. होस्टिंग साइट ही दाखवण्यासाठी आहे. सांभाळायची जबाबदारी तिच्यावर टाकली की काय होतं ते गेल्या वीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलंय. ऑर्कुट आठवतंय ना, आपल्याकडे कॉलेजची सगळी पोरं त्यावर होती, गणपतीचे, ट्रिपचे अल्बमच्या अल्बम तिथे पडलेले, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला त्यानंतरही दोन वर्षं मुदत होती, पण ज्यांना कळलंच नाही त्यांचे गेले. पिकासा वेब अल्बम २०१६ मध्ये गेलं. फोटोबकेट नावाची साइट होती, आजही आहे, तिथे फोटो ठेवून दुसरीकडे लिंक लावणारे जगभर लाखो लोक होते, २०१७ मध्ये त्यांनी नियम बदलला की बाहेर लिंक लावायची असेल तर वर्षाला जवळजवळ ४०० डॉलर भरा, आणि एका रात्रीत असंख्य पानांवर फोटोच्या जागी पैसे भरा असं सांगणारी चौकट दिसायला लागली. टायनीपिक २०१९ मध्ये कायमची बंद. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला १ टीबी फुकट दिलं होतं, पुढे ती कंपनी स्मगमगने विकत घेतली आणि फुकट अकाउंटला १००० फोटोंची मर्यादा आली, वरचे जुने फोटो २०१९ पासून काढणार असं जाहीर झालं. इमगरने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केलं की ज्या जुन्या, कोणी न बघितलेल्या फोटोंच्या मागे अकाउंट नाही ते काढून टाकणार. आणि गूगल फोटोजचं तर सगळ्यांना माहितीय, अनलिमिटेड फुकट होतं ते १ जून २०२१ पासून बंद झालं.

यातली कुठलीही कंपनी चोर नव्हती. फोटो साठवायला सर्व्हर लागतात, वीज लागते, माणसं लागतात, आणि फुकट देणाऱ्याला कधीतरी हिशोब बसवावा लागतो. पण तुमच्या बाळाचं बारसं त्यांच्या हिशोबावर अवलंबून का असावं, एवढंच माझं म्हणणं.

हिशोब बसवायचा अजून एक मार्ग असतो तोही सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती की फोटोबकेट त्यांच्याकडचे १३ अब्ज फोटो आणि व्हिडिओ एआय कंपन्यांना वापरायला देण्याची बोलणी करतंय. म्हणजे कोणीतरी पूर्वी कधी हौसेने चढवलेला घरचा फोटो आता मशीनच्या शिकवणीला जाऊ शकतो. तसंच २०१९ मध्ये आयबीएमने चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी जवळपास दहा लाख फोटोंचा संच काढला तेव्हा ते फोटो फ्लिकरवरचे होते, लोकांनी क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स लावून सगळ्यांसाठी खुले ठेवलेले. अपलोड करताना ती बारीक अक्षरातली लायसन्सची खूण आपण कोणीच नीट वाचत नाही. खाडीवरच्या फ्लेमिंगोचे फोटो खुशाल पब्लिक ठेवा, जगाने बघावेत असेच असतात ते, पण माणसांचे चेहरे असले, त्यात लहान मुलांचे, तर पब्लिक हा शब्द दिसला की थांबा.

मग इमगर, पोस्टइमेजेस, इमजीबीबी असल्या साइट वाईट का? अजिबात नाही, त्यांचं काम वेगळं आहे. वॉशिंग मशीनवर एरर दाखवतंय त्याचा फोटो मेकॅनिकला पाठवायचाय, जुना सोफा विकायला काढलाय, एखाद्या ग्रुपवर स्क्रीनशॉट लावायचाय, अशा वेळी पटकन अपलोड केलं, लिंक मिळाली, काम झालं. चार दिवसांनी तो फोटो राहिला काय गेला काय. काहींवर तर ठराविक दिवसांनी आपोआप डिलीट व्हावं अशी सोय असते, ती वापरा. पण एक लक्षात ठेवा, अकाउंट न काढता अपलोड केलं की तो फोटो तुमचा आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. काही साइट अपलोड झाल्या झाल्या डिलीट करायची एक वेगळी लिंक देतात, ती तेव्हाच कॉपी करून ठेवली नाही आणि ब्राउजर बंद केला की पुढे तो फोटो काढायचा म्हणजे त्या साइटला मेल लिहून वाट बघत बसायचं.

आता लिंकचं. लिंक म्हणजे घराची किल्ली समजा, आणि ही किल्ली अशी की जो हातात घेईल तो तिची दुसरी बनवून पुढे देऊ शकतो, तुम्हाला न विचारता. लोकांना वाटतं लिंक इतकी लांबलचक आणि अगम्य असते की कोणाला सापडणारच नाही, आणि ते खरंही आहे, अंदाजाने कोणी ती लिंक टाइप करणार नाही. पण सापडायची गरजच नसते, ती पाठवली जाते. काकांनी काकूंना, काकूंनी भिशीच्या ग्रुपवर, तिथून कोणीतरी फेसबुकवर. त्यामुळे 'लिंक असलेला कोणीही' आणि 'फक्त मी बोलावलेले' या दोन सेटिंगमधला फरक समजून घ्या. गूगल फोटोजमध्ये शेअर्ड अल्बम केला की त्याच्या पर्यायांमध्ये लिंक शेअरिंगचं बटण असतं. ते बंद ठेवून नातेवाइकांना त्यांच्या जीमेलवरून अल्बममध्ये घेतलंत तर फक्त तेवढेच लोक बघतात आणि पुढे कोणाला काढायचं असेल तर काढताही येतं. ज्यांना जीमेल, पासवर्ड हे सगळं जमत नाही अशा आजीआजोबांसाठी थोडे दिवस लिंक चालू ठेवा, सगळ्यांचं बघून झालं की बंद करा, जुनी लिंक चालायची थांबते. ज्यांनी आधीच फोटो सेव्ह करून घेतले किंवा स्क्रीनशॉट काढले ते मात्र त्यांच्याकडे राहणार, ते कुठल्याच सेटिंगने परत येत नाहीत, म्हणून काय शेअर करायचं ते आधी ठरवायचं. आणि हो, त्याच पर्यायांमध्ये इतरांनी फोटो टाकण्याची परवानगी असते ती बघून घ्या, नाहीतर बारशाच्या अल्बममध्ये कोणीतरी सुप्रभातचे फोटो ओतून ठेवतो, खरंच होतं असं.

सहाशे फोटो शेअर करू नका असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. नणंदेला सगळ्यात आधी काय बघायचंय, बाळाचा चेहरा, पाळण्यात घालताना, नाव कानात सांगताना, आजीच्या मांडीवर, आणि जमलेल्या सगळ्यांचा एक ग्रुप फोटो. पन्नास-साठ फोटो निवडा. निवडायला एक संध्याकाळ जाते पण ते लोक शेवटपर्यंत बघतात, सहाशे टाकले तर पहिले चाळीस बघून बंद करतात आणि नेमका चांगला फोटो तीनशे बाराव्या नंबरला पडून राहतो. निवडताना सुरक्षेचंही आपोआप बघितलं जातं. पाळण्यामागच्या बोर्डवर बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडलांची नावं असं सगळं लिहिलेलं असतं, तो बोर्ड स्पष्ट दिसतो असा फोटो फक्त घरच्यांपुरता ठेवा. सोसायटीच्या नावाची कमान, गाडीची नंबरप्लेट, मोठ्या मुलाचा शाळेचा गणवेश आणि गळ्यातलं ओळखपत्र, हॉस्पिटलचा मनगटावरचा पट्टा, हेही तसंच. एकेकटं काही वाटत नाही पण चार फोटो शेजारी ठेवले की मूल कुठे राहतं, कुठल्या शाळेत जातं हे कोणालाही कळतं.

फोटोत जे दिसतं त्याशिवाय न दिसणारंही काही असतं. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो, याला एक्झिफ माहिती म्हणतात. घरी काढलेला फोटो म्हणजे घराचा पत्ता बऱ्यापैकी अचूक. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, म्हणजे लोकेशनसकट. होस्टिंग साइटचं काही सांगता येत नाही, काही ती माहिती पुसतात, काही तशीच ठेवतात, फ्लिकरसारख्या फोटोग्राफरच्या साइट तर कॅमेऱ्याची माहिती फोटोखाली दाखवतात कारण तिथल्या लोकांना ती हवी असते. म्हणून अपलोड करायच्या आधी आपणच काढलेली बरी. आयफोनवर शेअर करताना वर ऑप्शन्स लिहिलेलं असतं त्यात लोकेशन बंद करता येतं. विंडोज कंप्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथे खाली वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा पर्याय असतो, एकदम बरेच फोटो सिलेक्ट करूनही होतं. हे करताना ओरिजिनलला हात लावू नका, कॉपी करून त्या कॉपीवर करा, कारण वीस वर्षांनी हा फोटो कुठे आणि कधी काढला हे तुम्हालाच हवं असेल.

बाळाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्या घरात बाळाला तेल लावताना, न्हाऊ घालताना उघड्या अंगाचे फोटो अगदी सहज काढले जातात, त्यात कोणाच्या मनात काही वावगं नसतं. पण मोबाइलचा ऑटो बॅकअप चालू असेल तर ते फोटो आपोआप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, जातात आणि तिथे मशीन फोटो तपासतं, त्या मशीनला आजी तेल लावतेय हे कळत नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडलांनी मुलाच्या आजारासाठी डॉक्टरांना दाखवायला म्हणून फोटो काढला, तो बॅकअपमध्ये गेला, गूगलने त्यांचं अख्खं अकाउंट बंद केलं, पोलीस चौकशी झाली, पोलिसांनी गुन्हा नाही असं सांगितलं तरी अकाउंट परत मिळालं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये हे सविस्तर छापलं होतं. मेल, कॉन्टॅक्ट, पहिल्या दिवसापासूनचे मुलाचे फोटो, सगळं त्यात गेलं. तेव्हा असे फोटो काढूच नका, आणि काढलेले असतील तर बॅकअपच्या फोल्डरमधून बाहेर ठेवा. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर बाळाला घेऊन जा.

आता क्वालिटी. इथे लॅबमध्ये रोज कोणीतरी येतं, 'दादा हा फोटो मोठा करून फ्रेम करायचाय' म्हणतं आणि मोबाइल पुढे करतं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेल लांबीचा होऊन येतो. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, थोडं कमी चालतं, म्हणजे या फोटोतून ४ बाय ६ ची प्रिंट मस्त येते. पण १२ बाय १८ ला तेच १६०० पिक्सेल १८ इंचात ताणले की इंचाला नव्वदसुद्धा उरत नाहीत, चेहरे साबणासारखे गुळगुळीत होतात, आणि तिथे मी काहीही केलं तरी जे फाइलमध्ये नाही ते येत नाही. त्याच फोटोची मोबाइलमधली मूळ फाइल १२ मेगापिक्सेलची असेल तर ४००० बाय ३००० असते, तिच्यातून १२ बाय १८ व्यवस्थित निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय तो बरा आहे, पण छापायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, वर सांगितलेलं लोकेशनचं मात्र ध्यानात ठेवून. गूगल फोटोजमध्ये बॅकअपला दोन दर्जे असतात, ओरिजिनल आणि स्टोरेज सेव्हर. सेव्हरमध्ये फोटो जास्तीत जास्त १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि दाबलेला राहतो, रोजच्या मोबाइल फोटोंना चालून जातं, फोटोग्राफरने दिलेल्या २४ मेगापिक्सेलच्या फाइलला नाही चालत.

आयफोनवाल्यांचा अजून एक त्रास असतो, फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात, जुन्या कंप्युटरवर उघडत नाहीत आणि साताऱ्याच्या काकांचा फोन येतो की काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कॉम्पॅटिबल केलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात.

जागेचा हिशोब करून बघा. मोबाइलचा फोटो ३-४ एमबी धरला तर सहाशे फोटो दोन-अडीच जीबी होतात, गूगलच्या फुकट १५ जीबीत आरामात बसतात. अडचण फोटोंची नसतेच, व्हिडिओंची असते, आयफोनवर फोर के व्हिडिओ मिनिटाला १७० एमबीच्या आसपास खातो, पाळण्याच्या गाण्यांचं वीस मिनिटांचं शूटिंग म्हणजे तीन जीबीच्या वर. आणि ते १५ जीबी फक्त फोटोंचे नाहीत, त्यात जीमेल आणि ड्राइव्हही आलं. ते भरलं की मेल यायचेच बंद होतात, मग लाइटबिल आणि बँकेचे मेल का येत नाहीत म्हणून लोक शोधत बसतात. अजून एक, अकाउंट सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते मजकुरासकट काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून लागू आहे. घरात एखादं वयस्कर माणूस गेलं की त्यांचा मोबाइल कपाटात जातो, अकाउंटकडे कोणी बघत नाही, आणि त्यांनी काढलेले फोटो असे हरवतात. गूगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे, अकाउंट ठराविक महिने वापरलं नाही तर कोणाला कळवायचं आणि कोणाला फोटो द्यायचे ते आधीच लिहून ठेवता येतं. सासूबाईंच्या आणि तुमच्या दोघींच्या अकाउंटला ते करून ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

तर ताई, तुमच्या जागी मी काय करेन ते सांगतो. फोटोग्राफरकडून सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्या, त्याने दिलेल्या ऑनलाइन गॅलरीवर विसंबून राहू नका, त्या लिंक काही महिन्यांनी बंद होतात आणि ते त्याच्या दृष्टीने बरोबरही आहे. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो त्यात घाला. एक बाहेरची हार्ड डिस्क घरी आणि तिचीच दुसरी कॉपी ठाण्यातल्या नातेवाइकांकडे, दुसऱ्या घरात, एकाच कपाटात दोन डिस्क ठेवून उपयोग नाही, पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर दोन्ही जातात. तिसरी कॉपी क्लाउडवर. फोटोग्राफर लोकांमध्ये हा तीन कॉप्या, दोन प्रकारच्या जागा आणि एक घराबाहेर असा जुना दंडक आहे, पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला. मग निवडलेल्या पन्नास-साठ फोटोंचा अल्बम गूगल फोटोजवर, बोलावलेल्यांपुरता. ज्यांना छापायचेत त्यांच्यासाठी वेगळं, ड्राइव्हवर एक फोल्डर करून त्यात ओरिजिनल टाका, महिनाभर ठेवा, सगळ्यांनी उतरवून घेतलं की शेअरिंग काढा. आणि ग्रुपवर लिंक टाकताना सोबत स्वतःच्या आवाजात एक व्हॉइस मेसेज टाका की हा बारशाचा अल्बम मीच पाठवलाय, उघडताना काही इन्स्टॉल करायला सांगितलं तर करू नका. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल, पाठवून मोबाइलमधून बँकेचे ओटीपी चोरण्याचे प्रकार आपल्याकडे झालेत, फोटो बघायला कधीच कुठलं अ‍ॅप टाकावं लागत नाही हे घरातल्या मोठ्यांना एकदा समजावून सांगा. चुकून कोणी टाकलंच आणि पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

तुमच्याकडे ऐरोलीत आयटीवाले घरोघरी आहेत, त्यातला कोणी म्हणेल की स्वतःचाच सर्व्हर लावा, इमिच नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, जुन्या कंप्युटरवर चालतं आणि दिसायला गूगल फोटोजसारखंच. चांगलं आहे, ज्याला अपडेट आणि बॅकअप नियमित करायची सवय आहे त्याने जरूर करावं. बाळ लहान असताना तुम्ही त्या फंदात पडू नका, मिस्टरांना आवड असेल तर त्यांना करू दे, पण हार्ड डिस्कच्या दोन कॉप्या तरीही हव्यातच.

परवानगीचंही थोडं बोलतो. फॅमिली अल्बममध्ये ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारून टाका, विशेषतः दुसऱ्यांच्या मुलांचे. आणि फोटोग्राफरने तुमच्या बाळाचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर टाकले तर चालवून घ्यायची सक्ती नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, म्हणजे तुम्ही. त्यामुळे बुकिंगच्या कागदावर सही करताना त्यात प्रसिद्धीची परवानगी लिहिलीय का ते वाचा, नको असेल तर खोडा, चांगला फोटोग्राफर वाईट वाटून घेत नाही. कधी एखादा फोटो चुकीच्या जागी गेलेला दिसला तर आधी लिंकसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या साइटना असा अधिकारी नेमावाच लागतो, आणि प्रकार अश्लील किंवा मॉर्फ केलेला असेल तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. लाजून गप्प बसू नका, मुलाच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

सासूबाईंचे अल्बम शेवटी ठेवलेत कारण त्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. बारशाच्या फोटोंच्या कॉप्या दहा मोबाइलमध्ये आहेत, त्या जुन्या फोटोंची कॉपी कुठेच नाही. आधी एक काम करा, अल्बमच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने साधा फोटो काढून ठेवा, कुठला फोटो कुठल्याशेजारी लावला होता तो क्रमही महत्त्वाचा असतो. ज्या अल्बमच्या पानांना चिकट गोंद आणि वरून प्लॅस्टिक असतं त्यातले फोटो ओढून काढू नका, कडा फाटतात, नाही निघाले तर पानासकट स्कॅन करायला द्या. ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करायला सांगा, ४ बाय ६ च्या फोटोची २४०० बाय ३६०० ची फाइल मिळते आणि पुढे दुप्पट मोठा करून छापता येतो. ज्याच्याकडे द्याल त्याला रंग सुधारलेली आणि न सुधारलेली अशा दोन्ही फाइल मागा, सुधारणा आवडीचा भाग आहे, मूळ हातात असलेलं बरं. मोबाइलने काढायचेच असतील तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, प्लॅस्टिक बाजूला करून.

आणि नावं. फोटोत कोण आहे हे फक्त सासूबाईंना किंवा त्यांच्या बहिणीला माहीत असतं. स्कॅन झाल्यावर हेच फोटो बोलावलेल्यांच्या अल्बममध्ये टाका आणि सगळ्यांना सांगा की खाली कॉमेंटमध्ये नावं लिहा, न्यू जर्सीहून नणंद लिहिते, साताऱ्याहून काका सांगतात की हा पोपटी शर्टवाला कोण, कुठल्या लग्नातला फोटो. माझ्या मते ऑनलाइन अल्बमचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, लांबलांबची माणसं एकाच फोटोभोवती बसतात आणि ज्याला जे आठवतं ते तो देतो. फक्त ती नावं तिथेच सोडू नका. गूगल फोटोजमध्ये फोटोखाली लिहिलेलं वर्णन फोटोच्या फाइलमध्ये जात नाही, पुढे सगळं उतरवून घ्यायची वेळ आली तर ते वेगळ्या फायलींमध्ये येतं आणि सामान्य माणसाला जुळवता येत नाही. म्हणून फाइलच्या नावातच वर्ष, गाव, प्रसंग आणि माणसांची नावं डावीकडून उजवीकडे अशी लिहा, साइट बदलली, कंपनी बुडाली तरी फाइलचं नाव फाइलबरोबर राहतं. वर्ष माहीत नसेल तर अंदाजे असं लिहून दशक लिहा. सासूबाईंच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसा, एका बैठकीत वीसच फोटो घ्या कारण प्रत्येक फोटोला एक गोष्ट निघते, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा म्हणजे लिहिण्याची घाई होत नाही, आणि ते रेकॉर्डिंगही त्याच हार्ड डिस्कवर फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवा. बारशाच्या फोटोंची निवड पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल, हे या रविवारी सुरू करा.